केतोची लेकरं आणि जहाजांचा रस्ता

ग्रीसच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याजवळून मोठ्या जहाजांचा जो रस्ता जातो तो थोडा बाहेर सरकवला पाहिजे, आणि कंपन्यांच्या चांगुलपणावर न सोडता आंतरराष्ट्रीय नियम करून सरकवला पाहिजे, एवढंच मला सांगायचंय. ऐकायला हे तांत्रिक वाटतं, नकाशावरची एक रेघ जरा इकडची तिकडे केली, त्यात काय एवढं असं कुणालाही वाटेल. पण त्या रेघेखाली जे देवमासे राहतात त्यांच्याशी माणूस गेली अडीच हजार वर्षं कसा वागत आलाय ते बघितलं की हा प्रश्न नुसता जहाजवाल्यांचा राहत नाही. म्हणून आधी केतोबद्दल बोलू.

केतो ही ग्रीक पुराणातली समुद्रदेवी, समुद्रातल्या अजस्र आणि भयंकर प्राण्यांची देवी. हेसिओड नावाच्या कवीने इ.स.पू. 700 च्या सुमाराला देवांची वंशावळ रचली त्यात ती येते. पोंटस म्हणजे खुद्द समुद्र आणि गाया म्हणजे पृथ्वी, या दोघांची ती मुलगी, आणि फोर्किस नावाच्या स्वतःच्याच भावाशी तिचं लग्न झालेलं. तिची मुलं बघा: जन्मापासूनच केस पांढरे असलेल्या ग्राया बहिणी, तिघी गॉर्गन (त्यातली मेड्यूसा आपल्याकडे पण बऱ्याच जणांना माहीत असते), आणि सोन्याची सफरचंदं राखत बसलेला तो भयानक साप. अर्धी बाई आणि अर्धी नागीण असलेली एकिडना पण पुष्कळ जण हिचीच मुलगी मानतात. म्हणजे ग्रीक कथांमधले वीर ज्यांना मारून वीर ठरले त्यातले कितीतरी या एकाच घरातले. आणि गंमत वाटण्यापेक्षा मला हे फार हलवून जातं की हेसिओड या सगळ्या भयंकर मंडळींच्या आईला सुंदर गालांची म्हणतो. तिच्यात त्याला नुसतं भय दिसलं नाही, रूप पण दिसलं. समुद्राच्या काठाला राहणाऱ्या लोकांना समुद्राबद्दल जे वाटतं तेच ना हे.

केतोची स्वतःची अशी गोष्ट नाही. ती कुणाशी लढत नाही, कुणाला शाप देत नाही, तिला कुणी मारत पण नाही. मरतात ती तिची लेकरं. आणि ज्या समुद्री राक्षसांना ग्रीक लोक केटोस म्हणायचे त्यांच्या दोन मोठ्या गोष्टी आहेत, दोन्हींमध्ये राक्षस मरतो. पहिली आंड्रोमेडाची. राणी कॅसिओपियाने बढाई मारली की समुद्रातल्या नेरीड कन्यांपेक्षा आम्ही सुंदर, त्याचा पोसायडनला राग आला, त्याने राज्यावर केटोस सोडला, मग राजा सेफियसने स्वतःच्या मुलीला खडकाला साखळदंडाने बांधून त्याच्यापुढे ठेवलं आणि पर्सियसने येऊन केटोसला मारून तिला सोडवलं. दुसरी गोष्ट ट्रॉयची. तिथल्या लाओमेडॉन राजाने पोसायडनकडून शहराची तटबंदी बांधून घेतली आणि ठरलेली मजुरी बुडवली, म्हणून समुद्रातून केटोस आला, त्याच्यापुढे राजकन्या हेसिओनीला ठेवलं आणि हेराक्लीसने तो मारला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीत चूक राणीच्या गर्वाची, दुसरीत राजाच्या लबाडीची, आणि दोन्हींमध्ये जीव गेला तो समुद्रातल्या प्राण्याचा ज्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता, त्याला पाठवलं म्हणून तो आला. गोष्ट सांगणाऱ्याला हे खटकलं नाही कारण राक्षस मरण्यासाठीच असतो असं आधीच ठरलेलं होतं.

ही सगळी मंडळी आकाशात पण आहेत आणि मराठी माणसाला ती वेगळ्या नावांनी ओळखीची आहेत. ज्यांनी आकाशदर्शनाचा एखादा तरी कार्यक्रम केलाय त्यांना शर्मिष्ठा, देवयानी, ययाती, वृषपर्वा हे तारकासमूह माहीत असतात, म्हणजे तिकडची कॅसिओपिया, आंड्रोमेडा, पर्सियस आणि सेफियस. आपण आपल्या महाभारतातलं कुटुंब तिथे बसवलं. पण केटोसच्या जागी आपण कुणी राक्षस बसवला नाही, त्याला तिमिंगल म्हटलं, आपल्या जुन्या ग्रंथांमधला तो प्रचंड मासा. डिसेंबरच्या संध्याकाळी दक्षिणेकडे बराच मोठा भाग व्यापून असतो तो, त्यातले तारे फिकट आहेत म्हणून पटकन नजरेत भरत नाही. त्यातच तो मिरा तारा आहे, साधारण अकरा महिन्यांनी उजळणारा आणि मध्ये नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होणारा, 1596 साली डेव्हिड फाब्रिसियसने तो नोंदवला.

आता गोष्टीतून खऱ्या हाडांकडे येऊ. इ.स.पू. 58 मध्ये मार्कस स्काउरस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने लोकांना खूश करायला जे भव्य खेळ आणि प्रदर्शनं भरवली त्यात त्याने जोप्पाहून म्हणजे आजच्या इस्रायलमधल्या जाफाहून आणलेली प्रचंड हाडं मांडली, आंड्रोमेडाला ज्याच्यापुढे ठेवलं होतं तोच हा राक्षस म्हणून. प्लिनी या रोमन लेखकाने नोंद केलीय की लांबी 40 फूट, फासळ्या हिंदुस्थानातल्या हत्तींपेक्षा उंच, कणा दीड फूट जाड. हे वर्णन वाचून बहुतेकांना एकच प्राणी आठवतो तो म्हणजे देवमासा. त्याच जोप्पाबद्दल प्लिनी दुसरीकडे लिहितो की तिथल्या खडकावर आंड्रोमेडाच्या साखळदंडांच्या खुणा दाखवतात आणि तिथे केतोची पूजा होते. मला या दोन नोंदी एकत्र वाचल्या की काहीतरी लख्ख समजल्यासारखं होतं. एकाच गावात त्या प्राण्याची पूजा पण चाललीय आणि त्याची हाडं उचलून राजधानीत मिरवायला पण नेलीत. भूमध्य समुद्राकाठी ही दोन्ही माणसं कायम शेजारी राहिली, पूजा करणारा आणि हाडं मिरवणारा.

त्याच्यानंतर सहाशे वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलची गोष्ट. सम्राट जस्टिनियनच्या काळातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की पोर्फिरिओस नावाच्या एका समुद्री राक्षसाने पन्नासहून जास्त वर्षं, मधे मधे खंड पडत, तिथल्या जहाजांना त्रास दिला, काही बुडवली, काही घाबरवून भलतीकडे नेली. सम्राटाने त्याला पकडायचे प्रयत्न केले पण जमलं नाही. शेवटी एक दिवस तो काळ्या समुद्राच्या तोंडाजवळ डॉल्फिनच्या मागे लागला आणि किनाऱ्याजवळच्या चिखलात रुतला. बातमी पसरली तसे आसपासचे लोक कुऱ्हाडी घेऊन धावले, नुसत्या घावांनी मरेना म्हणून जाड दोर लावून त्याला वर ओढला, गाड्यांवर घातला. मोजला तर 30 हात लांब आणि 10 हात रुंद. काहींनी तिथेच मांस खाल्लं. लोक म्हणाले हाच पोर्फिरिओस, काही म्हणाले दुसराच कुणीतरी. आज अभ्यासक म्हणतात तो बहुधा स्पर्म व्हेल, म्हणजे दात असलेला मोठा देवमासा असावा. नक्की कोण होता ते सोडा, पण एवढं बघा की त्याच्या आधी जवळजवळ 900 वर्षं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं की डॉल्फिन आणि देवमासे फुप्फुसाने श्वास घेतात, पिल्लांना जन्म देतात आणि दूध पाजतात, म्हणजे ते माशांसारखे नाहीत. माहिती होती. माहिती असल्याने कुऱ्हाडी थांबल्या नाहीत.

आणि हे प्राणी अजून तिथेच आहेत, ग्रीसच्या समुद्रात. ग्रीसच्या पश्चिमेकडच्या आयोनियन बेटांपासून पेलोपोनीजला वळसा घालून क्रीटच्या दक्षिणेने पार ऱ्होड्सपर्यंत समुद्रतळाला एक लांबच लांब खोल दरी आहे, हेलेनिक ट्रेंच म्हणतात तिला. भूमध्य समुद्राची सगळ्यात खोल जागा याच दरीत आहे, पायलोस गावाच्या नैर्ऋत्येला, पाच हजार मीटरहून जास्त खोल. किनाऱ्यापासून थोडंसं गेलं की तळ एकदम खाली जातो. स्पर्म व्हेलला असाच समुद्र लागतो कारण त्याचं खाणं म्हणजे खोलातले स्क्विड, ते पकडायला तो हजार मीटर आणि त्याहून खाली जातो, पाऊण तास आत राहतो आणि मग वर येऊन आठ-दहा मिनिटं पृष्ठभागावर पडून श्वास भरून घेतो. पूर्व भूमध्य समुद्रात हे प्राणी दोनशे ते तीनशे एवढेच उरलेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत भूमध्य समुद्रातला स्पर्म व्हेल धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे.

या प्राण्यांची घरं आईच्या बाजूने चालतात. आज्या, आया, मावश्या, पिल्लं एकत्र राहतात, नर मोठे झाले की बाहेर पडतात. आई खोल डुबकी मारून खायला गेली की पिल्लाजवळ दुसरी कुणीतरी थांबते कारण पिल्लाला एवढं खोल जाता येत नाही. एकमेकींशी ते टकटक असे आवाज करून बोलतात आणि भूमध्य समुद्रातल्या स्पर्म व्हेलची ठोके देण्याची स्वतःची पद्धत आहे, तीन ठोके लागोपाठ, जरा थांबून चौथा. दुसऱ्या समुद्रातल्यांची लय वेगळी असते. पिढ्यानपिढ्या आईकडून मुलाकडे गेलेली ही गोष्ट आहे. ज्यांना आपण राक्षस म्हणत आलो त्यांना घराणं आहे आणि बोली आहे, आणि ती बोली बोलणारे एवढेसेच उरलेत.

ते मरतात कशाने, तर मुख्यतः जहाजांच्या धडकेने. ग्रीसच्या किनाऱ्याला जे मेलेले स्पर्म व्हेल लागतात त्यातल्या निदान अर्ध्यांच्या अंगावर जहाजाने मारल्याच्या खुणा असतात, पाठीवर प्रॉपेलरचे ओळीने खोल घाव नाहीतर सरळ दोन तुकडे. आणि हे फक्त किनाऱ्याला लागलेले, आत बुडाले त्यांचा हिशोब कुणाकडेच नाही. लोक विचारतात की एवढा हुशार प्राणी, एवढे तीक्ष्ण कान, मग बाजूला का होत नाही? एक तर तो दमून वर आलेला असतो, श्वास घेत पडलेला असतो किंवा झोपलेला असतो (हे प्राणी पृष्ठभागाजवळ उभे तरंगत झोपतात), दुसरं म्हणजे मोठ्या जहाजाचा आवाज मागच्या बाजूला प्रॉपेलरपाशी तयार होतो आणि पुढचं अवाढव्य धड तो अडवतं, त्यामुळे जहाजाच्या अगदी समोर असलेल्याला ते कळायला उशीर होतो. आणि तिसरं, कोट्यवधी वर्षं या प्राण्याला वरून कुणाची भीती नव्हती, वर येणं म्हणजे विसावा. दोनशे-तीनशे मीटर लांबीच्या जहाजावर धडक जाणवत सुद्धा नाही. कप्तानाला कळत नाही की आपण कुणाला मारलं. कित्येकदा बंदरात पोचल्यावर पुढच्या टोकाला अडकलेलं धड दिसतं तेव्हा कळतं.

इथे मला पोर्फिरिओसची गोष्ट परत परत डोळ्यांपुढे येते, कारण कुऱ्हाड उगारणाऱ्याला निदान समोरचा दिसत तरी होता. समोर दिसला की आजकाल माणूस बदलतो. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांमध्ये बघितलंय, गावकरी, वनखातं, कोस्ट गार्ड, सगळे जण दोन दिवस त्याच्या मागे होते, त्याच्यावर पाणी टाकत होते, ओला कपडा टाकत होते, भरतीला पट्टे लावून बोटीने खोल पाण्यात नेलं. ते परत किनाऱ्याला आलं आणि गेलं. पण त्या माणसांनी जे केलं ते मनापासून केलं आणि ते वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. ही दया माणसात आहे. प्रश्न असा आहे की जहाजाखाली मरणारा प्राणी कुणाच्याच समोर नसतो, ना कप्तानाच्या, ना मालकाच्या, ना त्या कंटेनरमधला माल विकत घेणाऱ्या माझ्या-तुमच्या. जिथे नजर पोचत नाही तिथे दयेवर विसंबून चालत नाही, तिथे नियमच लागतो.

मग नियम कसला? इथेच खरी आशेची गोष्ट आहे, आणि म्हणूनच मी एवढ्या पोटतिडकीने लिहितोय. ग्रीसच्या पेलागोस संस्थेचे अलेक्झांड्रोस फ्रान्ट्झिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं लहान बोटीवरून हे प्राणी मोजले, आणि जहाजं कुठून जातात त्याची नोंद त्याच्याशी जुळवून 2019 साली एक अभ्यास छापला. त्यातून दिसलं की स्पर्म व्हेल मुख्यतः हजार मीटर खोलीच्या रेषेच्या आसपास असतात, आणि जहाजं नेमकी तिथूनच जातात कारण किनाऱ्याच्या वळणाला लागून गेलं की अंतर थोडं वाचतं. तोच रस्ता थोडा बाहेर घेतला तर धडकेचा धोका साधारण 70 टक्क्यांनी कमी होतो. आणि त्यासाठी जहाजाला जास्तीचं अंतर किती पडतं, तर बहुतेक जहाजांना 5 सागरी मैलांच्या आसपास, जास्तीत जास्त 11. पंधरा नॉटच्या म्हणजे तासाला पंधरा सागरी मैलांच्या वेगाने जाणाऱ्या जहाजाला 5 मैल म्हणजे वीस मिनिटं, 11 मैल म्हणजे पाऊण तास. हजारो मैलांच्या प्रवासात पाऊण तास. बंदराबाहेर नांगर टाकून जहाजं धक्का मोकळा व्हायची याहून कितीतरी जास्त वाट बघत बसतात.

असे प्रश्न निसर्गाच्या बाबतीत फार कमी वेळा येतात. बहुतेक ठिकाणी एका बाजूला लोकांचं पोट असतं, जमीन असते, धरण असतं, आणि दोन्ही बाजूंना खरं दुःख असतं, निर्णय करताना कुणाचं तरी नुकसान होतंच. इथे कुणाचं घर उठत नाही, कुणा मच्छीमाराची जाळी बंद होत नाही, फक्त पाऊण तास.

यावर जहाज उद्योगाकडून जे म्हटलं जातं ते पण नीट ऐकायला हवं. इंधन जास्त जळेल, म्हणजे खर्च आणि धूर दोन्ही वाढेल, हा पहिला मुद्दा. थोडं वाढेल हे खरंय, पण तेवढं इंधन वेग किंचित कमी केला तरी भरून निघतं, जहाजाचा वेग आणि इंधन यांचं नातं असं आहे की थोडा वेग उतरवला की खप बराच उतरतो. दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. इथे मला नोव्हेंबर 2023 नंतरचे महिने आठवतात. तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि बघता बघता मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, हजारो मैल जास्त, दहा-बारा दिवस जास्त. खलाशांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यांनी केलं ते बरोबरच केलं. पण त्यावरून एवढं सिद्ध झालं की रस्ता बदलणं या उद्योगाला अशक्य नाही, कारण पुरेसं वाटलं तर तो आठवड्याभरात बदलतो. तेव्हा पाऊण तास जमत नाही असं कुणी म्हणालं तर ते मला पटणार नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात फसवा आहे, की कंपन्या स्वतःहून करतायत ना, मग नियम कशाला. खरंय, एमएससी या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर कंपनीने 2022 च्या सुरुवातीला ग्रीसच्या पश्चिमेकडे आपल्या जहाजांचे मार्ग बदलले, आणि त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक करायला हवं. पण एका कंपनीने बदललं म्हणजे समुद्र बदलला नाही. टँकर आहेत, धान्य आणि कोळसा नेणारी जहाजं आहेत, गाड्या नेणारी आहेत, क्रूझ आहेत, शेकडो मालक आणि डझनावारी देशांचे झेंडे. आणि अन्याय बघा, जो चांगलं वागतो त्याने वीस मिनिटं आणि तेवढं इंधन स्वतःच्या खिशातून द्यायचं आणि जो वागत नाही त्याने सरळ जवळच्या रस्त्याने निघून जायचं. उद्या मालक बदलला, मंदी आली, की ते स्वेच्छेचं वचन सगळ्यात आधी जाईल. नियम केला तर तो सगळ्यांना सारखा, कुणालाच तोटा नाही आणि कुणालाच फायदा नाही.

आणि असा नियम करता येतो, आधी केलेला आहे. जहाजांचे मार्ग ठरवायचं काम लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं, आयएमओचं. 2003 साली कॅनडाच्या फंडी उपसागरात राइट व्हेल नावाचे देवमासे वाचवायला जहाजांचे पट्टे आयएमओच्या मान्यतेने हलवले, धोक्यातल्या प्राण्यासाठी असं पहिल्यांदाच झालं. तिथे ज्या तेल कंपनीची टँकर जायची तीच या बदलासाठी पुढे आली होती. नंतर 2007 मध्ये बॉस्टनच्या बंदराकडे जाणारा मार्ग पण हलवला. भूमध्य समुद्रात सुद्धा फ्रान्स, इटली, मोनॅको आणि स्पेनने मिळून वायव्येकडचा मोठा भाग 2023 मध्ये विशेष संवेदनशील म्हणून जाहीर करून घेतला, पण तिथले वेगाचे नियम ऐच्छिक ठेवलेत, आणि मला तीच त्यातली कमकुवत जागा वाटते. फंडीसारखा मार्ग आखून द्यायला हवा, चार्टवर छापलेला, की कप्तानाने त्या दिवशी काय वाटतंय याचा विचारच करायला नको.

काही जण म्हणतात रस्ता नको, वेग कमी करा, किंवा यंत्रं लावा. क्रीटच्या दक्षिणेला पाण्यात कान लावलेले तरंगते बॉये ठेवून देवमाशांचे ठोके ऐकायचे आणि जवळच्या जहाजांना कळवायचं असा प्रयोग झालेला आहे, आणि तो फार सुंदर आहे, दरीच्या पूर्ण लांबीवर असं काही झालं तर मला आनंदच होईल. वेग पंधरा नॉटवरून दहाच्या आसपास आणला तर धडक झाली तरी प्राणी वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते हे पण खरं. पण आवाज काढणारा प्राणीच यंत्राला कळतो, आणि वर येऊन गप्प पडलेला बहुतेक वेळा काहीच आवाज काढत नाही. वेगाचं बंधन रोज पाळावं लागतं, रोज तपासावं लागतं. रस्ता एकदा हलवला की हलवला. म्हणून जिथे प्राणी एका ठरावीक पट्ट्यातच राहतो, आणि इथे तो राहतो, तिथे जहाज आणि प्राणी वेगळे करणं हाच पहिला उपाय, बाकीचे त्याच्या जोडीला.

रस्ता सोडून आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी ती आवाजाची. मे 1996 मध्ये पेलोपोनीजच्या पश्चिमेला किपारिसियाच्या आखातात डझनभर चोचवाले देवमासे, म्हणजे क्युव्हिएर्स बीक्ड व्हेल, एकदोन दिवसांत लांबच लांब किनाऱ्यावर विखरून लागले. हे प्राणी फार खोल राहणारे, असे एकदम कधी येत नाहीत. त्याच दिवसांत नाटोचं संशोधन जहाज तिथे पाणबुड्या शोधायच्या शक्तिशाली सोनारची चाचणी घेत होतं. फ्रान्ट्झिसनी 1998 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं आणि तेव्हापासून जगभर नौदलांच्या सोनारकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले. आणि आता त्याच समुद्रात तेल आणि वायू शोधण्याचे करार झालेत, क्रीटच्या पश्चिमेचे आणि नैर्ऋत्येचे पट्टे 2019 मध्येच मोठ्या कंपन्यांना दिले गेले, युक्रेन युद्धानंतर सरकारने त्याला वेग दिला. तळाखालचा वायू शोधायला एअरगनने दर काही सेकंदांनी स्फोटासारखे आवाज सोडतात, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. जो प्राणी अंधारात फक्त आवाजावर जगतो, आवाजाने शिकार शोधतो, आवाजाने पिल्लाला हाक मारतो त्याच्या घरात हे. ग्रीसला ऊर्जेची गरज आहे, रशियन वायूवर अवलंबून राहायचं नाही हे पण समजण्यासारखं आहे, पण 2024 मध्ये अथेन्सला समुद्रांसाठीची जागतिक परिषद भरवून आयोनियन समुद्रात मोठं सागरी उद्यान करू असं ज्या सरकारने सांगितलं त्याने त्याच देवमाशांच्या दरीत ड्रिलिंगला मोकळीक द्यायची, हे एकत्र बसत नाही. दोन्हींपैकी एक निवडावं लागेल आणि मी तरी उद्यान निवडेन.

दोनशे-तीनशे प्राण्यांसाठी एवढं कशाला, असं पण विचारतात. कारण हा प्राणी हळू वाढतो. मादीला चार-पाच, कधी त्याहून जास्त वर्षांनी एकच पिल्लू होतं, पोटात ते सव्वा वर्षाच्या आसपास असतं, नंतर वर्षानुवर्षं आईजवळ. अशा घराण्यांमधल्या वर्षाला एकदोन मोठ्या माद्या जरी जहाजाखाली गेल्या तरी जन्माच्या आकड्याला मरणाचा आकडा गाठणं कठीण होतं. तीनशेत दोन-चार म्हणजे किरकोळ असं वाटत असेल तर ते दहा वर्षं करून बघा.

आणि यात आपला संबंध नाही असं नाही. न्हावा शेवावरून निघालेला माल सुएझमधून पिरेयसला, एड्रियाटिकच्या बंदरांना जातो तेव्हा याच समुद्रातून जातो. आपल्या अगदी जवळ श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला दोंद्रा हेडपाशी तर निळ्या देवमाशांच्या जागेतूनच जगातला एक सगळ्यात गजबजलेला मार्ग जातो, तिथेही अभ्यासकांनी रस्ता काही मैल दक्षिणेला घ्या म्हणून वर्षानुवर्षं सांगितलंय, तिथेही एमएससीने 2022 मध्ये आपली जहाजं हलवली, आणि तिथेही प्रश्न एका कंपनीच्या वचनावर अडकून राहू शकतो. भारत आयएमओच्या कौन्सिलवर आहे. ग्रीसजवळचा आणि दोंद्राजवळचा मार्ग हलवायला भारताने उघडपणे पाठिंबा द्यावा, आणि आपल्या निर्यातदारांनी जहाज कंपनीशी भाड्याचा करार करताना तुमची जहाजं या दोन ठिकाणी कुठून जातात हा प्रश्न विचारावा. मालवाहतुकीत मोठा ग्राहक विचारायला लागला की कंपनीला उत्तर द्यावं लागतं, आणि ज्या कंपन्या आधीच बाहेरून जातायत त्यांनाच मग नियम हवासा वाटेल, कारण तोपर्यंत तो खर्च त्या एकट्याच सोसत असतील.